गच्चीवरच्या भाजीला घरचं औषध मारलं, पानं जळाली आणि कीड तशीच राहिली, त्याबद्दल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुळे सोलापुरात गच्चीवर 30 बॅगा, त्यात वांगी, मिरची, भेंडी आणि मांडवावर दोडका. मिरचीची पानं मुरडलीत, वांग्याचे शेंडे माना टाकायलेत, दोडका वाकडा होऊन आतून सडायलाय. म्हणून रविवारी सकाळी 11 वाजता बोअरच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल आणि भांड्याचा साबण मिसळून मारलात, दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा जळाल्या आणि कीड होती तिथंच आहे. आता विचारताय की घरचे उपाय सगळे फोल आहेत का, दुकानातनं कडक औषध आणू का.

आणू नका. निदान आत्ता तरी नको, कारण ज्या भाजीतनं उद्या-परवा तोडून भाजी करणार आहात तिच्यावर ते मारायचं म्हणजे पुढं कितीतरी दिवस तोडता येत नाही, आणि गच्चीवर रोज दोन भेंड्या, चार मिरच्या असं तोडणं चालू असतं, तो नियम घरात कोण पाळणार. मी होटगी रोडला 16 वर्षं भाजी लावते, आधी अंगणात आणि आता दीड एकरात, आणि सुरुवातीची तीन वर्षं अगदी तुमच्यासारखीच पानं जाळली आहेत. कडुनिंब चांगलंच आहे, पण आपल्या सोलापुरात दोन गोष्टी आड येतात, पाणी आणि ऊन, आणि त्या दोन्ही कुठल्याच कृतीत लिहिलेल्या नसतात.

आधी पाण्याचं बोलते. आज संध्याकाळी एवढं करून बघा. दोन रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी आणि दुसरीत एसीच्या नळीतनं पडणारं पाणी. दोन्हीत अंगाचा साधा साबण किसून चिमूटभर टाका आणि जोरात हलवा. एसीच्या पाण्याच्या बाटलीत वरपर्यंत पांढरा फेस येईल आणि खालचं पाणी बऱ्यापैकी निवळ दिसेल. बोअरच्या बाटलीत फेस येऊन लगेच बसेल, पाणी दूध नासल्यासारखं होईल आणि काचेला आतनं चिकट पांढरा साका धरेल. तो साका म्हणजे तुमचा साबण, पाण्यातल्या कॅल्शियमनं धरून ठेवलेला. तो आता ना किडीच्या अंगावरचा मेणचट थर काढणार ना तेलाला पाण्यात मिसळू देणार. मग तेल वर तरंगतं, पंपात पहिल्यांदा नुसतं पाणी येतं आणि शेवटी शेवटी नुसतं तेल, म्हणजे पहिल्या 20 बॅगांना काहीच नाही आणि शेवटच्या 10 बॅगांवर तळायचं तेल शिंपडल्यागत. तुमच्याकडं सगळी जळालीत का एका बाजूचीच जळालीत ते बघा बरं, बहुतेक एका बाजूचीच असतील.

यावर बाहेरून काही आणायला लागत नाही, फवारणीला पाणी कितीसं लागतं, 30 बॅगांना तीन-चार लिटर. एसीखाली बादली ठेवा. नाहीतर पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिलं पाणी सोडून पुढचं दोन-तीन कॅन भरून झाकून ठेवा. काहीच नसलं तर पाणी खळखळून उकळा, गार होऊ द्या आणि तळाचा पांढरा थर तसाच ठेवून वरचं ओता, सगळे क्षार जात नाहीत पण फरक पडतो.

आणि साबणाऐवजी रिठा वापरा, हे मी कळकळीनं सांगते. रिठ्याचा फेस जड पाण्यात पण टिकतो. किराणा दुकानात सुटे मिळतात. 8-10 रिठे फोडून बिया काढायच्या, लिटरभर कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी कुस्करून फडक्यानं गाळायचं. फवारणीच्या एका लिटरला यातलं अर्धी वाटी पुरे. उरलेलं दोन-तीन दिवसांत संपवा, नंतर आंबतं, तसं झालं तर फरशी पुसायला घ्या. एकच काळजी, गच्चीवर कमळाच्या टबात मासे सोडले असतील तर तिकडं थेंब उडू देऊ नका, रिठा माशांना घातक आहे. कपड्याची पावडर तर कधीच नको, तिच्यातल्या सोड्यानं कोवळी पानं करपतात.

दुसरं ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा 42-43 ला जातो आणि गच्चीचा स्लॅब रात्री 9 ला पण हाताला चटका देतो. अशा दिवसात पानावर तेलाचा पापुद्रा बसला की पानाला श्वास घेता येत नाही. म्हणून माझा नियम असा आहे की साधारण मार्चच्या शेवटापासून पहिला पाऊस होईपर्यंत तेल पूर्ण बंद, कितीही कीड दिसली तरी. थंडीत लिटरला 5 मिली आणि पावसाळ्यात 3 मिली, ते पण आधी तेल आणि रिठ्याचं पाणी छोट्या वाटीत घोटून दुधाळ करायचं आणि मग त्यात थोडं थोडं पाणी वाढवत जायचं, उलटं करायचं नाही. आणि मारायचं दिवस मावळल्यावर, कारण कडुनिंबातलं जे कामाचं द्रव्य आहे, अझाडिरॅक्टिन, ते उन्हात टिकत नाही, आणि बोअरच्या अल्कली पाण्यात कालवून ठेवलं तरी उतरतं. सकाळी 11 ला मारलेलं दुपारपर्यंत निम्मं वायाच.

तेलापेक्षा मला स्वतःला निंबोळी अर्क जास्त भरवशाचा वाटतो. लिटरला 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर पाण्यात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुरचुंडी पिळून पिळून पांढरट पाणी निघायचं थांबेपर्यंत काढायचं, गाळायचं, रिठा घालायचा आणि त्याच दिवशी संपवायचं. पानाच्या खालच्या बाजूनं मारायचं, पंपाचं तोंड वरती करून. वरनं मारून काही उपयोग नाही, सगळी वस्ती खालीच असते.

आता "मारलं तरी कीड मेली नाही" याबद्दल. कडुनिंब किडीला पटकन मारतच नाही. 1962 साली दिल्लीला टोळधाड आली होती, तेव्हा तिथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या पिकावर निंबोळीचं पाणी फवारलं होतं, टोळ येऊन बसले पण फवारलेलं पीक त्यांनी खाल्लं नाही. काम असं चालतं. किडीचं खाणं सुटतं, लहान पिल्लांना कात टाकता येत नाही, अंडी घालणं कमी होतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी मावा, ते पानाचा रस शोषणारे बारीक किडे, पानावर दिसणारच, तो बघून लगेच दुप्पट डोस करायचा नाही. सहा-सात दिवस थांबा आणि नवीन फुटलेली पानं बघा, ती सरळ असली तर औषध लागू पडलं म्हणायचं. जुनं मुरडलेलं पान काही परत सरळ होत नाही.

पण त्याच्याही आधी कीड कोणती ते ओळखा, कारण तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन अशा आहेत की तिथं फवारणी पोहोचतच नाही.

मिरचीचं पान हातात घ्या. कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खालच्या बाजूला वळल्या असतील, पान उलट्या वाटीसारखं आणि देठ लांबट झाला असेल तर कोळी, म्हणजे माइट, इतका बारीक की नुसत्या डोळ्याला दिसत नाही. आणि सगळं झाडच खुरटून शेंड्याला बारीक पानांचा गुच्छ झाला असेल, पिवळसर, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला व्हायरस, त्याला आपण बोकड्या म्हणतो, त्यावर जगातलं कुठलंच औषध नाही, ते झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाकायचं, आज टाकायचं, जीव हळहळला तरी. पहिल्या दोन्हींना निंबोळी अर्क चालतो, पण सध्याच्या उन्हात मी आधी नुसतं पाणी सांगेन. सकाळी 7 च्या आत पानांच्या खालनं जोरात पाण्याचा फवारा, एक दिवसाआड, आठवडाभर. नळाला पाणी रोज नसतं हे माहितीय मला, हाताच्या दाबपंपात दीड लिटर पाणी घेतलं तरी 10 मिरच्या धुऊन होतात. भेंडी आणि वांग्यावर लाल कोळी असेल तर त्यालाही हेच. कोळ्याला कोरडी हवा आणि पानावरची धूळ फार मानवते आणि आपल्याकडं उन्हाळ्यात दोन्हीची काय कमी. खात्री करायची तर पान पांढऱ्या कागदावर झटका, लालसर ठिपके पडले आणि ते चालायला लागले की समजा. 50 टक्के सावलीची हिरवी नेट पश्चिमेच्या बाजूनं बांधली की निम्मा त्रास तिथंच कमी होतो.

वांग्याचं मात्र वेगळं आहे. माना टाकलेला एक शेंडा कात्रीनं खाली दोन बोटं सोडून कापा आणि नखानं उभा चिरा. आत पोकळ झालेलं दिसेल, ओलसर भुसा, आणि त्यात फिकट गुलाबी अळी. ही शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. अंड्यातनं निघाली की काही तासांत ती शेंड्यात शिरते आणि एकदा आत गेली की तुम्ही बाहेरून कडुनिंब मारा नाहीतर दुकानातलं मारा, तिला समजत पण नाही. आज बाजारात येणाऱ्या वांग्यावर एवढ्या फवारण्या होतात त्याचं कारण हीच बाई आहे. गच्चीवर 6-7 झाडं असली तर कात्री हेच औषध. रोज सकाळी चहाचा कप घेऊन फिरायचं, सुकलेला शेंडा दिसला की कापायचा, भोक पडलेलं वांगं दिसलं की तोडायचं आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचं किंवा पिशवीत गाठ मारून उन्हात ठेवायचं. कंपोस्टमध्ये टाकायचं नाही, तिथं तिचा कोष होतो आणि पाखरू होऊन परत येतं. खतांच्या दुकानात या अळीचा कामगंध सापळा मिळतो, आत बारीक रबरी गोळी असते, तिच्या वासानं नर पतंग अडकतात, महिन्यानं गोळी बदलायची. त्यात विष नाही, गच्चीला एक पुरतो.

दोडक्याचं फळ आधी मधोमध चिरून बघा. आत पांढऱ्या वळवळणाऱ्या अळ्या असतील तर फळमाशी. अळ्या नसतील, नुसतं टोकाकडं बारीक, पिवळं होऊन गळत असेल तर ती कीडच नाही, परागीभवन झालेलं नाही. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, आणि गच्चीवर तेवढ्या वर कीटक कमी येतात, म्हणून दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलात, म्हणजे ज्याच्या मागं बारीक दोडका दिसतो त्यात, हलकेच टेकवायचं. आणि याच कारणानं दोडक्यावर संध्याकाळची फवारणी करू नका, त्याच्यापुरती पहाटे करा.

फळमाशी असेल तर ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, तिथंही फवारा जात नाही. फूल सुकलं की लगेच फळाला जुन्या सुती ओढणीची नळी शिवून घालायची, खालून मोकळी सोडायची नाही, दोऱ्यानं बांधायची. माझ्याकडं कारल्या-दोडक्याला अशा 60-70 नळ्या आहेत, चार वर्षं धुऊन धुऊन वापरायलेय. सोबत एक सापळा करा, पाण्याच्या बाटलीला वरच्या बाजूला पेन्सिल जाईल एवढी तीन-चार भोकं, आत पिकलेलं केळं कुस्करून, गूळ आणि थोडं पाणी, दर पाच दिवसांनी बदलायचं. गळलेली फळं बॅगेत पडू देऊ नका, अळी फळातनं निघून मातीत जाते आणि तिथनंच पुढची माशी होते, वरची दोन इंच माती आठवड्याला हलवत राहा.

आता एक गोष्ट जी इथं सोलापुरात मला वारंवार ऐकायला मिळते. आपल्या पूर्व भागात विड्या वळणारी एवढी घरं, तंबाखूचा चुरा सहज मिळतो, आणि कुणीतरी सांगतंच की तो भिजवून मारा, मावा एका दिवसात साफ. खरं आहे, साफ होतो. पण निकोटिन हे जबरदस्त विष आहे, कातडीतनं अंगात भिनतं. मी स्वतः दुसऱ्या वर्षी हातमोजे न घालता तंबाखूचं पाणी गाळलं होतं, अर्ध्या तासात घाम, मळमळ आणि डोकं गरगरायला लागलं, रात्रभर उलट्या. घरात लहान पोरं फिरतात, कोथिंबीर आपण कच्ची खातो, त्यावर हे मारायचं नाही. शिवाय तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगी सगळी एकाच कुळातली, तंबाखूचा मोझॅक व्हायरस चुऱ्यातनं टोमॅटो-मिरचीत येऊ शकतो. विडी-तंबाखू हाताळून झाडाला हात लावणाऱ्यांनी सुद्धा आधी हात साबणानं स्वच्छ धुवावेत.

दशपर्णी अर्काचंही, म्हणजे दहा प्रकारची पानं कुजवून केलेल्या औषधाचंही विचारलंत. शेतात मी करते, 200 लिटरच्या ड्रममध्ये महिनाभर कुजवायचं असतं, त्याचा वास सोसायटीत कुणी सहन करणार नाही. 30 बॅगांना त्याची गरज नाही. केलाच कुणी तर कण्हेर वगळा आणि रुईचा चीक डोळ्यात जाणार नाही असं बघा. राखेचं म्हणाल तर काकडीच्या कोवळ्या रोपांवर तांबडे भुंगेरे येतात तेव्हा सकाळच्या दवात चिमूटभर भुरभुरा, मातीत मात्र ओतत जाऊ नका, आपली माती आधीच चुनखडीची. भुरीला, म्हणजे पानावर पांढरी पावडर पडते त्याला, एक भाग दूध नऊ भाग पाणी, आणि हे एकच असं की उन्हं आल्यावर सकाळी मारायचं.

माव्याबद्दल सगळ्यात शेवटी सांगते, कारण त्याचा उपाय मला माहेरी मंगळवेढ्याला सापडला. तिथं शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या शेतात पोंग्यात मावा भरलेला असायचा आणि त्यावर लाल-काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे, पण शाळूच्या कडेला लावलेल्या मिरचीवर मावा जवळजवळ नाहीच. ज्वारीवरचा मावा वेगळ्या जातीचा, तो मिरचीवर जात नाही, पण त्याला खायला आलेले ढालकिडे मात्र दोन्हीकडं फिरतात. तेव्हापासून दर वर्षी सप्टेंबरमध्ये वाऱ्याच्या बाजूला दोन-तीन बॅगांत मूठभर ज्वारी टाकते, तुम्ही पण टाका. तिच्यावर काहीच फवारायचं नाही, मावा चढला तर चढू द्यायचा. पंधरा-वीस दिवसांत तिथं पिल्लं दिसतील, काळपट अंगावर नारिंगी ठिपके, सहा पाय, बारीक मगरीसारखी. बघणाऱ्याला वाटतं हीच कीड, आणि लोक नेमकी तीच चिरडतात. ती ढालकिड्याची पिल्लं आहेत ताई, दिवसभर मावाच खातात. मीही कितीतरी चिरडलीत नकळत, आजही आठवलं की वाईट वाटतं.

मित्रकीटकांची ताकद केवढी असते ते पपईवाल्यांना विचारा. 2008 च्या सुमारास पपईचा पिठ्या ढेकूण बाहेरून आपल्या देशात आला आणि बागाच्या बागा पांढऱ्या केल्या, औषधं मारून लोक थकले, मग 2010 मध्ये पोर्तो रिकोहून त्याला खाणारी डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी गांधीलमाशी आणून सोडली आणि ते आटोक्यात आलं. तुमच्या भेंडी-जास्वंदीवर पिठ्या दिसला तर जुना टूथब्रश रिठ्याच्या पाण्यात बुडवून घासा, आणि मुंग्या कुठनं चढतात ते शोधा. मावा आणि पिठ्या या दोघांचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, त्याच्यासाठी त्या ढालकिड्यांना हाकलून लावतात. बॅगा विटांवर ठेवून विटांभोवती ग्रीसचा पट्टा मारला की मुंग्यांची वाट बंद. आणि शेणखत, गोमूत्र, जीवामृत दर आठवड्याला घालत असाल तर हात आवरा, जास्त नत्रानं फूट लुसलुशीत होते आणि मावा तिच्यावरच तुटून पडतो.

तर आत्ता तुमच्यासाठी एवढंच. जळालेली पानं लगेच काढू नका, निम्म्याहून जास्त हिरवं असलेलं पान झाडाला अजून सावली देतंय, नवी फूट आली की काढा. उद्या सकाळी सगळी झाडं नुसत्या पाण्यानं धुऊन तेल उतरवा. वांग्याचे शेंडे कापा, दोडका चिरून बघा, बोकड्याची मिरची असेल तर उपटा. पुढचे दहा दिवस नुसत्या पाण्याशिवाय काहीही फवारू नका.

आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाला की विजापूर रोडला, आपल्या कॉलनीतल्या मैदानात, जिथं कडुनिंब असेल तिथं पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. डांबरावरच्या, चिरडलेल्या सोडून द्या. दोन-तीन किलो वेचा, पाण्यात चोळून गर काढा, बिया सावलीत पातळ पसरून आठ-दहा दिवस खडखडीत वाळवा, उन्हात नको. काळी बुरशी धरलेली बी बाजूला काढा. सुती पिशवीत भरून वर तारीख लिहा, हवा लागेल अशा जागी टांगा, प्लास्टिकच्या डब्यात कोंडू नका. दिवाळीनंतर मिरचीला फुलं धरायला लागतात तेव्हा ती पिशवी लागेल.